आधी वाटणी, मग तुकडे

बारामतीत फ्लेक्सच्या दुकानात कधी थांबला असाल तर हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. अठरा फूट रुंद बॅनर छापायचा आहे आणि मशीन दहा फुटी. म्हणजे चित्राचे दोन तुकडे करायचे, वेगवेगळे छापायचे आणि मग चिकटवायचे. नवशिका पोरगा नऊ-नऊ फुटांचे समान तुकडे करून मोकळा होतो. सराईत ऑपरेटर तसं करत नाही, कारण बरोबर मधोमध साहेबांचं नाक असतं. तो एक तुकडा दहा फुटांचा घेतो, दुसरा आठाचा, आणि जोड मागच्या निळ्या आभाळात नेऊन टाकतो. चित्रात काय आहे ते पाहून मग कापायचं, एवढी साधी गोष्ट त्याला कुणी शिकवलेली नसते.

मी रिमोट सेन्सिंगमध्ये पीएच.डी. करते आणि दुसऱ्या वर्षी नेमकी हीच गोष्ट विसरले. आजचा लेख त्या चुकीबद्दल आहे. पण चूक फक्त माझी असती तर गुपचूप दुरुस्त करून पुढे गेले असते. ती आमच्या क्षेत्रातली जुनी सवय आहे, म्हणून जरा खरमरीत लिहिते आहे.

तुकडे का करावे लागतात?

चित्राचे समान तुकडे करणं मुळात अर्ध्या मिनिटाचं काम. फोटोशॉपमध्ये स्लाइस टूल घ्या, चित्रावर राइट-क्लिक करा, 'डिव्हाइड स्लाइस' म्हणा, आडवे किती आणि उभे किती ते लिहा, झालं. जिंपमध्ये गाइडच्या रेषा लावून त्यांच्यावरून कापता येतं. उपग्रहाच्या चित्रात प्रत्येक ठिपका जमिनीवर नेमका कुठे आहे हेही जपावं लागतं, म्हणून आम्ही क्यूजीआयएस किंवा चार ओळींचा कोड वापरतो. काम मात्र तेच. चौकटी आखा, कापा, फाइलींना नंबर द्या.

आता हे करायचं कशाला? युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यातला पहिला उपग्रह २०१५ साली गेला, दुसरा २०१७ साली. चित्राची एक फरशी १०,९८० पिक्सेल लांब आणि तेवढीच रुंद असते, म्हणजे जमिनीवर जवळपास ११० किलोमीटर बाय ११० किलोमीटर. एवढा घास मॉडेलला एकदम गिळता येत नाही, संगणकाची मेमरी संपते. म्हणून ६४ बाय ६४ किंवा २५६ बाय २५६ पिक्सेलचे तुकडे करून एकेक भरवायचे.

इथे एक गंमत सांगते, कारण आपल्याकडच्या माणसाला पिक्सेल समजायला याहून सोपी वाट नाही. या चित्रातला सगळ्यात बारीक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर आणि वर थोडं. थोडक्यात, एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा! तुमचं एकराचं रान उपग्रहाला चाळीस ठिपक्यांचं दिसतं. ६४ बाय ६४ चा तुकडा म्हणजे सुमारे शंभर एकर, आणि २५६ बाय २५६ चा म्हणजे सुमारे १,६२० एकर.

शेतजमिनीचे तुकडे पाडायला आपल्याकडे १९४७ पासून कायदा आडवा येतो. चित्राचे तुकडे पाडायला कुणीच आडवं येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

माझा पराक्रम

माझा विषय सोपा वाटणारा आहे: चित्र पाहून ऊस कुठला आणि बाकीचं काय, ते ओळखायचं. मी फेब्रुवारीतलं एक चित्र घेतलं आणि त्यातून बारामती तालुक्यातला नीरा डाव्या कालव्याचा पट्टा कापून काढला. प्रत्येक रानात काय उभं आहे त्याची नोंद जोडली. मग सगळ्याचे ६४ बाय ६४ चे समान तुकडे केले, पत्त्यांसारखे पिसले, शंभरातले ऐंशी मॉडेलला शिकवायला दिले आणि वीस परीक्षेसाठी झाकून ठेवले. मॉडेल शिकलं, परीक्षा झाली, मार्क नव्वदीच्या पुढे. मी स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. मामांचा लगेच फोन आला. ते इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला राहतात.

"अगं, एवढं हुशार झालंय तर आमच्या शिवारावर चालवून बघ की."

चालवलं. त्यांच्या केळीच्या बागेला मॉडेलनं ऊस म्हटलं. पाणी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीवर मका होता, त्यालाही ऊस म्हटलं. आणि नुकताच तुटून गेलेला, खोडवा राखलेला खरा ऊस मात्र पडीक रान म्हणून सोडून दिला. मामा हसले. "बारामतीत पहिला नंबर काढलेलं पोरगं इंदापुरात नापास झालं म्हण."

मला हसू आलं नाही. कारण परीक्षेचे तुकडे मॉडेलनं आधी कधीच पाहिलेले नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

शेजारच्याच्या पेपरात बघून

आता जरा गणित करू, अवघड नाही. परीक्षेसाठी ठेवलेला एक तुकडा घ्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे त्याला चार शेजारी आहेत. शंभरातले वीस तुकडे परीक्षेचे, म्हणजे एखादा शेजारी परीक्षेच्या गठ्ठ्यात असण्याची शक्यता ०.२. चारही शेजारी परीक्षेच्याच गठ्ठ्यात असण्याची शक्यता ०.२ चा चौथा घात, म्हणजे ०.००१६. हजारात दोनसुद्धा नाहीत. कोपऱ्याला कोपरा लागणारे चार शेजारी धरले तर दहा लाखांत तीनसुद्धा भरत नाहीत. उलट बाजूनं वाचा: परीक्षेच्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याचा निदान एक सख्खा शेजारी मॉडेल आधीच पाठ करून आलेलं असतं.

आणि शेतात शेजारी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकाच चारीचं पाणी, एकच माती, पुष्कळदा एकाच आठवड्यात केलेली लागण. एकच रान कापताना दोन तुकड्यांत गेलेलं असतं, अर्धं शिकवणीला आणि अर्धं परीक्षेला. जवळच्या गोष्टी लांबच्या गोष्टींपेक्षा एकमेकींसारख्या जास्त असतात, हे भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९७० साली लिहिलं आणि आमच्या विषयात तो भूगोलाचा पहिला नियम मानला जातो. आम्ही तो परीक्षेत तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि कोड लिहिताना विसरतो.

माझ्या मॉडेलला ऊस ओळखता येत नव्हता. त्याला कालव्याच्या पट्ट्यातला, त्या एका फेब्रुवारीतला ऊस शेजारच्याच्या पेपरात बघून उतरवता येत होता.

यात उसाचा स्वभावही भर घालतो. फेब्रुवारीत जुलै-ऑगस्टची आडसाली लागण हिरव्यागार भिंतीसारखी दिसते, पूर्वहंगामी त्याहून लहान, सुरूची लागण म्हणजे बरीचशी उघडी माती, आणि तुटलेल्या उसाचा खोडवा म्हणजे पाचट आणि मधून डोकावणारे कोंब. शब्द एकच, 'ऊस', पण चित्रात निदान चार रूपं. एका पट्ट्यात ज्या रूपाची चलती तेच मॉडेल शिकतं आणि त्यालाच ऊस म्हणतं.

ही सवय आली कुठून?

आमच्या क्षेत्रात 'इंडियन पाइन्स' नावाचं एक प्रसिद्ध चित्र आहे. नावावर जाऊ नका, भारताशी संबंध नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शेतांचं हे चित्र १२ जून १९९२ रोजी विमानातून घेतलं गेलं. आकार १४५ बाय १४५ पिक्सेल, एक पिक्सेल २० मीटरचा. म्हणजे सगळा मिळून जेमतेम तीन किलोमीटरचा चौकोन, आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढा. त्यात सोळा प्रकार नोंदवले आहेत, बराचसा मका आणि सोयाबीन. नोंद असलेले पिक्सेल १०,२४९, आणि ओट या पिकाच्या वाट्याला त्यातले फक्त २०.

या एका शिवारावर गेली कित्येक वर्षं जगभरातले लोक आपापली मॉडेलं घासून पाहत आले आहेत. ९८ टक्के, ९९ टक्के, मग दशांश चिन्हानंतरची चढाओढ. पद्धत बहुतेक ठिकाणी एकच: पिक्सेल पिसायचे, काही शिकवायला, बाकीचे परीक्षेला. त्यातही मॉडेलला एकटा पिक्सेल देत नाहीत, त्याच्याभोवतीचा चौकोन देतात. समजा ९ बाय ९ चा चौकोन, म्हणजे ८१ पिक्सेल. शेजारच्या पिक्सेलभोवतीचा चौकोन एकाच घराने सरकलेला, म्हणजे ८१ पैकी ७२ पिक्सेल दोघांत सामाईक. परीक्षेच्या पेपरातला जवळपास नव्वद टक्के मजकूर शिकवणीत आधीच वाचून झालेला! मग ९९ टक्के मिळाले तर नवल कसलं?

यावर बोट ठेवणारे लोक नव्हते असं नाही. पोलंडमधल्या नालेपा, मायलर आणि कावुलोक या तिघांनी २०१९ साली हेच दाखवलं. शिकवणीचा आणि परीक्षेचा भाग चित्रातच वेगळा ठेवला की मार्क खाली येतात. जंगलांच्या अभ्यासात तर याहून मोठा दणका बसला. प्लोटन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये मध्य आफ्रिकेच्या जंगलांवरचं काम छापलं. नेहमीसारखी पिसून परीक्षा घेतली तेव्हा त्यांचं मॉडेल जंगलाच्या वजनातला निम्म्याहून अधिक फरक सांगू शकत होतं. अंतर राखून परीक्षा घेतली तेव्हा जवळपास काहीच सांगता येत नव्हतं. मॉडेल तेच, आकडेही तेच, फक्त वाटणी बदलली.

'इंडियन पाइन्स'ला मी सरसकट नावं ठेवणार नाही. फुकट आहे, लहान आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. माझ्यासारख्या कितीतरी विद्यार्थ्यांनी या विषयाची मुळाक्षरं त्यावरच गिरवली. पण पाटीवर गिरवणं वेगळं आणि त्या पाटीवरच्या मार्कांवर शोधनिबंध छापणं वेगळं.

मग नुसतं अंतर राखलं की झालं?

नाही, आणि इथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. वाडू आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली लिहिलेल्या लेखाचं म्हणणं असं की अंतर राखून घेतलेली परीक्षा कधीकधी उगाच कडक होते. एकाच प्रदेशाचा नकाशा करायचा असेल आणि परीक्षेची ठिकाणं त्या अख्ख्या प्रदेशातून रीतसर यादृच्छिक पद्धतीनं निवडलेली असतील, तर तीच परीक्षा खरी. मुद्दा मला पटतो. बारामतीच्या कालवा पट्ट्यातच नकाशा करायचा आहे, बाहेर पाऊलही टाकायचं नाही, असं मी म्हटलं असतं तर माझी चूक निम्म्याने हलकी झाली असती.

पण असं कोण म्हणतं? आमच्या निबंधांची शेवटची ओळ बहुधा 'ही पद्धत इतर प्रदेशांतही वापरता येईल' अशी असते. परीक्षा घ्यायची घरच्या अंगणात आणि दावा करायचा अख्ख्या महाराष्ट्राचा. माझी टीका या दोन वाक्यांमधल्या दरीवर आहे.

बारामती-इंदापूरसाठी मी आता काय करते ते सांगते, म्हणजे टीका नुसती टीका राहणार नाही.

आधी तालुक्याची हद्द धरून वाटणी केली होती, बारामती शिकवायला आणि इंदापूर परीक्षेला. तेही फसलं. नीरा डावा कालवा तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही, तो बारामतीतून सरळ इंदापुरात जातो. भवानीनगरचा छत्रपती कारखाना इंदापूर तालुक्यात, पण त्याला ऊस दोन्ही तालुक्यांतून येतो. हद्दीच्या अलीकडचं आणि पलीकडचं रान सख्ख्या भावांसारखं. तहसीलदाराची रेघ पिकाला कळत नाही.

म्हणून आता वाटणी पाण्यावरून करते, आणि परीक्षा एक नाही, तीन घेते. शिकवणी बारामतीच्या कालवा पट्ट्यावर. पहिली परीक्षा इंदापूरच्या कालवा पट्ट्यात, पण मध्ये काही किलोमीटरची पट्टी मोकळी सोडून. दुसरी उजनीच्या काठाला, जिथे केळी आहे, गाळपेर आहे आणि पाण्याची रेघ महिन्यागणिक सरकते. तिसरी सुपे-मोरगावच्या जिरायत भागात, जिथे ऊस क्वचितच दिसतो आणि मॉडेलनं 'इथे नाही' असं म्हणायला शिकायला हवं. ही वाटणी झाल्यावरच, प्रत्येक भागाच्या आत, समान तुकडे. तुकडे एकमेकांवर थोडे चढवायचे असतील तरी (कडेचे पिक्सेल मॉडेलला नीट वाचता येत नाहीत म्हणून तसं करतात) ते वाटणीनंतरच. आधी चढवून मग पिसले तर सरळसरळ कॉपी होते.

निकाल? पहिल्या परीक्षेत मार्क उतरले, दुसरीत आणखी उतरले, तिसरीत मॉडेलनं विहिरीवरच्या हिरव्या चाऱ्याला ऊस ठरवलं. नेमके आकडे सध्या गाइडच्या टेबलावर आहेत, तपासून झाले की लिहीनच. पण एका आकड्याच्या जागी तीन आकडे आले, आणि मॉडेल कुठे भरवशाचं आहे, कुठे नाही, हे मला पहिल्यांदाच कळलं.

एवढा आटापिटा कशाला?

कारण हे आकडे आता प्रयोगशाळेत राहत नाहीत. साखर कारखान्यांची देशपातळीवरची संघटना, 'इस्मा', उपग्रहचित्रांच्या मदतीनं उसाच्या क्षेत्राचा अंदाज जाहीर करते, आणि त्यावर साखरेच्या बाजाराची नजर असते. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टमध्ये ऊस आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर काम चाललं आहे, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. हा लेख त्या कामावर नाही. पण अशी साधनं गावागावांत पोचू लागली की 'अचूकता किती?' हा प्रश्न निबंधापुरता उरत नाही.

आणि चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. कालव्याच्या पट्ट्यात, जिथून नोंदी भरपूर मिळतात, तिथे मॉडेल बरोबर असतं. टोकाचं गाव, फुगवट्याचा काठ, जिरायतातली एकुलती बाग, म्हणजे जे नेहमीसारखं नाही, तिथे ते चुकतं. सरासरी अचूकता नव्वदीच्या पुढे असतानाही मामांच्या शिवारात ती तशी नसते, आणि तो एक मोठा आकडा ही गोष्ट झाकून टाकतो. तुकडे समान केले म्हणून न्याय समान झाला असं होत नाही.

तेव्हा यापुढे उपग्रहचित्रांवरचा एखादा निबंध, बातमी किंवा अॅपची जाहिरात वाचाल आणि त्यात '९६ टक्के अचूक' असं दिसेल, तेव्हा चार प्रश्न विचारा. परीक्षेचे तुकडे शिकवणीच्या तुकड्यांपासून किती लांब होते? वाटणी कापण्याआधी केली की कापल्यानंतर? चित्रं एकाच दिवसाची की वेगवेगळ्या हंगामांची? आणि अचूकता भागाभागाची दिली आहे की सगळ्याची मिळून एकच? उत्तरं निबंधात सापडली नाहीत तर तो निबंध खोटा आहे असं नाही. त्यातला आकडा तुमच्या गावाला लागू आहे असं मात्र धरू नका.

माझ्या जुन्या फोल्डरमध्ये ते पिसलेले तुकडे अजून आहेत, नंबर टाकलेले, सगळे सारख्या मापाचे. पुसले नाहीत. परवा मामांना नवा नकाशा पाठवला. केळी आता केळी दिसतात, खोडवा निम्म्या रानांतच सापडतो, आणि तसं मी खाली स्पष्ट लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं: "बरं केलंस. कुठं चुकतंय ते लिहिलंस, म्हणजे निदान विचारता तरी येतं."